रन-डीएमसीचा 'रेझिंग हेल' अल्बम: परत ऐकला आणि वेड लागलं

हिपहॉप पॉपमधे घुसलं कसं हे कळायला कुठलाच लेख नको, १९८६चा हा अल्बम हेडफोन लावून ऐका बस. 'वॉक धिस वे' हे मुळात एरोस्मिथ या रॉक बँडचं १९७५चं गाणं, आणि रन-डीएमसी या न्यूयॉर्कमधल्या क्वीन्सच्या रॅप ग्रुपच्या पोरांना त्यातला सुरवातीचा ड्रमचा तुकडाच हवा होता, त्यावर रॅप करायचं म्हणून, पण निर्माता रिक रुबिन म्हणाला की पूर्ण गाणंच नव्याने करा, आणि एरोस्मिथच्या स्टीव्हन टायलर अन् जो पेरीला स्टुडिओत बोलावलं. गाणं बिलबोर्ड हॉट १०० या अमेरिकेतल्या हिट गाण्यांच्या यादीत चौथ्या नंबरला गेलं!! मूळ गाणं दहाव्यापर्यंतच पोचलं होतं. व्हिडिओत दोन बँडमधली भिंत फुटते ना, ते बघून मला अजून काटा येतो अंगावर.

पण खरं सांगू का, माझं सगळ्यात आवडतं 'पीटर पायपर'. त्यात गिटार नाही की पाहुणा गायक नाही, ग्रुपचा डीजे जॅम मास्टर जे रेकॉर्ड फिरवतोय, त्या घंटांचा आवाज आणि रन अन् डीएमसी हे दोघं रॅपर एकमेकांची ओळ तोंडातून काढून घेतात, अहाहा. म्हणजे रॉकवाल्यांसाठी दार उघडलं पण स्वतःचं घर सोडलं नाही यांनी.

रेकॉर्डची दुसरी बाजू थोडी ढिली वाटते, 'डंब गर्ल'ची भाषा आज खटकतेच. शेवटचं 'प्राउड टू बी ब्लॅक' मात्र अजिबात स्किप करू नका.

पाचपैकी साडेचार.