नऊ महिने हातात फिरलेला गंडम

फेब्रुवारीत ठाणे-वाशी लोकल पकडून गेलो आणि वाशी स्टेशनबाहेर एका कॉलेजच्या मुलाकडून हा गंडम घेतला, एका जपानी ॲनिमेशन मालिकेतल्या रोबोटची सांधे वाकणारी आकृती. जुना, म्हणजे सेकंडहँड. आता नोव्हेंबर चालू आहे. मधल्या काळात होळीनंतरचा उकाडा, चार महिन्यांचा पाऊस, ऑक्टोबरची काहिली, सगळं त्याने आमच्या वर्तकनगरच्या घरात काढलं. आणि काचेमागे उभं राहून नाही. जवळजवळ रोज तो कोणाच्या ना कोणाच्या हातात होता: माझ्या, भाच्याच्या, आणि मे महिन्यापासून बाबांच्याही. म्हणून हा अनुभव लिहावासा वाटला. डबा उघडतानाचे व्हिडिओ हवे तेवढे सापडतात, पण पहिल्या दिवशी सगळेच रोबोट देखणे असतात. सांधा कसा आहे हे कळायला त्याला शेकडो वेळा वाकवावं लागतं.

आधी वस्तू कोणती ते सांगतो. बंदाई ह्या जपानी कंपनीच्या ‘रोबोट दामाशी’ ह्या तयार आकृत्यांच्या संचातला आरएक्स-78-2 गंडम, ‘व्हर्जन ए.एन.आय.एम.ई.’, 2016 सालचा. उंची साडेबारा सेंटीमीटर. कथेतला गंडम 18 मीटरचा आहे. 1800 सेंटीमीटरला 144 ने भागलं की बरोबर 12.5 येतात. 1980 साली बंदाईने 300 येनला गंडमचं पहिलं किट (भाग स्वतः जोडून बनवायचा संच) काढलं तेही 1/144 मापाचं. त्यामुळे ह्या मापाचं कुठलंही जुनं-नवं किट ह्याच्या शेजारी उभं केलं तरी खटकत नाही. ज्यांच्या कपाटात आधीपासून किटं आहेत त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे.

किंमत. मी 4,500 रुपये दिले. नवा मागवायचा तर जपानची किंमत, टपालखर्च आणि वर आयातशुल्क. आपल्याकडे खेळण्यांवरचं मूळ आयातशुल्क 2020 च्या अर्थसंकल्पात 20 टक्क्यांवरून 60 वर गेलं आणि 2023 मध्ये 70 वर. पगारदार माणसाने हिशेब मांडला तर जुना माल बघणं हाच शहाणपणा ठरतो. फक्त नकली माल ओळखता यायला हवा. मी भेटल्यावर तीन गोष्टी केल्या. डबा उघडून वास घेतला. उग्र, रॉकेलसारखा वास आला तर सरळ परत द्यायचा. मग दंडाच्या कडेवरून नख फिरवलं, कारण साच्याच्या दोन बाजू जुळतात त्या रेषेवर बर, म्हणजे खरबरीत कड, लागली की साचा हलका असल्याचं कळतं. आणि पाय फाकवून, स्टँडशिवाय, स्टेशनच्या कठड्यावर उभा केला. उभा राहिला. पैसे दिले.

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं, कारण ह्या आकृतीचं मूल्यमापन कथेला सोडून करता येत नाही. 1972 च्या ‘माझिंगर झेड’पासून माणूस आत बसून चालवतो असे महाकाय रोबोट टीव्हीवर आले. ते वीर होते, जवळजवळ दैवी. 1979 मध्ये योशियुकी तोमिनो यांनी ‘मोबाइल सूट गंडम’ दिग्दर्शित केली तेव्हा रोबोट हे युद्धातलं यंत्र झालं. त्याच्या गोळ्या संपतात, हात तुटतो, दुरुस्तीला न्यावं लागतं. पहिल्या प्रसारणात प्रेक्षक कमी मिळाले आणि मालिका 43 भागांत आटोपती घ्यावी लागली. नाव झालं ते नंतर, पुनःप्रसारण आणि किटांमुळे.

हे सांगायचं कारण असं. 1974 मध्ये पॉपी कंपनीने माझिंगरची ‘चोगोकिन’ आकृती काढली, झिंक डायकास्टची, म्हणजे साच्यात ओतलेल्या जस्ताच्या धातूची. ती हातात घेतली की वजन जाणवायचं, मूठ उडायची, आणि तेवढंच पुरेसं होतं, कारण माझिंगर ताठ उभा शोभतो. गंडम तसा शोभत नाही. तो गुडघ्यावर बसतो, ढालीआड दबकतो, खांद्यावर बाझूका घेऊन मागे झुकतो. गंडमची आकृती वाकली नाही तर ती गंडमची नव्हेच. कुनियो ओकावारांच्या मूळ रचनेत कमरेभोवती चौकोनी ठोकळ्यांचा घेर आहे आणि तोच मांडीच्या आड येतो. ह्या आकृतीत ते ठोकळे वेगवेगळे उचलले जातात. त्यामुळे एक गुडघा जमिनीला टेकवून दुसरा पाय पुढे टाकला तरी पाऊल सपाट बसतं. पहिल्या संध्याकाळी मी पाऊण तास फक्त गुडघ्यावर बसवत होतो.

रंगाबद्दल फार लिहीत नाही. मालिकेत हाताने रंगवलेल्या चित्रांत तो दिसायचा तसा दिसावा, हाच ह्या व्हर्जनचा हेतू आहे. पृष्ठभाग साधा ठेवलाय, रेघांची गर्दी नाही, पांढरा किंचित राखाडीकडे झुकलेला. बारीक तपशिलांनी भरलेला गंडम हवा असेल तर 2010 पासूनची रिअल ग्रेड किटं बघावीत. मला हा साधेपणाच आवडतो.

आता बाबा. बाबांनी चौतीस वर्षं वागळे इस्टेटमध्ये टूलरूममध्ये काढली, प्लास्टिकच्या साच्यांवर. बादल्या, स्विचची आवरणं, पंख्याचे भाग, काय काय. निवृत्तीनंतर त्यांनी माझ्या ह्या छंदाकडे कधी बघितलं नव्हतं. मे महिन्यात एका दुपारी वीज गेली होती, गंडम जेवणाच्या टेबलावर होता, आणि त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेऊन तो उचलला. दहा मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “गेट कुठे दिलाय रे ह्याला? सापडत नाही.” गेट म्हणजे पातळ झालेलं प्लास्टिक साच्यात शिरतं ती जागा. स्वस्त मालावर तिथे एक खडबडीत ठिपका राहतो. त्यांनी प्रत्येक भाग फिरवून पाहिला आणि म्हणाले, की जोडणीत झाकली जाईल अशाच जागी गेट दिलाय, ह्या माणसाने साचा बनवण्याआधी बरेच दिवस नुसता विचार केला असणार.

त्या दिवसापासून ह्या वस्तूकडे बघायची माझी नजर बदलली. डब्यावर एबीएस आणि पीव्हीसी एवढंच लिहिलेलं असतं. मी ते वाचून सोडून द्यायचो. बाबांनी अंगठ्याने दाबत दाबत दाखवलं: अंग कडक आहे ते एबीएस, पंजे आणि बारीक, मोडतील असे भाग मऊ आहेत ते पीव्हीसी. आणि मग पावसाळ्याची काळजी निघाली.

मला वाटत होतं ओलाव्याने प्लास्टिक खराब होतं. आम्ही उपवनच्या बाजूला राहतो, येऊरचे डोंगर समोर, जुलैत भिंतींना हात लावला तर ओल लागते. बाबांनी सांगितलं की एबीएसला ओल नडते ती माल बनवताना. प्लास्टिकचा कच्चा दाणा हवेतलं पाणी ओढून घेतो, म्हणून मशीनवर टाकण्याआधी तो 80 अंशांच्या आसपास दोन-चार तास सुकवावा लागतो. पावसाळ्यात घाई केली की मालावर चंदेरी रेघा उठतात आणि अख्खी खेप बाद. तयार वस्तूला ओलीचं तेवढं भय नाही. खरा प्रश्न पीव्हीसीचा. त्याला मऊ ठेवायला जे तेलकट द्रव्य घालतात ते उष्णतेत, कोंडलेल्या हवेत, हळूहळू बाहेर येतं. जुन्या आकृत्या चिकट होतात त्या ह्याने. तेच द्रव्य शेजारच्या कडक प्लास्टिकलाही खातं.

हे मला आधी माहीत असतं तर एक नुकसान टळलं असतं. गंडमबरोबर घेतलेला दुसरा एक रोबोट मी जपायचा म्हणून डब्यात, पिशवीत घट्ट गुंडाळून, माळ्यावर ठेवला होता. मऊ केबल त्याच्या मांडीला टेकलेली. सप्टेंबरमध्ये काढला तेव्हा केबलचा ठसा मांडीवर उमटला होता आणि अंग चिकट. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुतला, चिकटपणा गेला. ठसा गेला नाही. रोज हाताळलेला गंडम मात्र कोरडा, स्वच्छ. मला ह्याचं फार वाईट वाटलं, कारण दोघांपैकी मी जपलं होतं ते त्यालाच.

आता कपाटातली पद्धत अशी: काचेचं दार दिवसातून एकदा उघडायचं, मऊ भाग कडक भागाला टेकून ठेवायचे नाहीत, बीमच्या (किरणांच्या) तलवारी वेगळ्या कागदी पाकिटात, दुपारचं ऊन येतं त्या खिडकीपासून लांब. उन्हाने पांढरं एबीएस पिवळं पडतं आणि त्यावर घरगुती इलाज मी तरी करणार नाही. सिलिका जेलच्या पुड्या आहेत, निळा दाणा गुलाबी झाला की बदलतो. त्या डब्याच्या पुठ्ठ्याला बुरशी लागू नये म्हणून जास्त उपयोगी पडतात.

सांधे. हाच मुख्य मुद्दा. खांदे, कोपर, गुडघे नऊ महिन्यांनंतरही पहिल्यासारखे आहेत, कोपराचा दुहेरी सांधा तर थोडा वापरल्यावर जास्तच गुळगुळीत झाला. घोटे उत्तम. उजवं मनगट सैल झालंय आणि ते माझ्या हातांनी झालंय. ह्या आकृतीत पकडीप्रमाणे पंजे बदलायचे असतात: बंदुकीचा वेगळा, तलवारीचा वेगळा, उघडा वेगळा. पंजा एका लहान गोळ्यावर बसतो. मी घाईघाईत तिरका ओढायचो, त्याने गोळ्याची एक बाजू घासली. सरळ ओढा, आणि ओढण्याआधी पंजा मिनिटभर कोमट पाण्यात धरा, मऊ होतो. भाचा पहिल्यापासून असंच करतो आणि त्याने जास्त वापरलेलं डावं मनगट घट्ट आहे. कंबर मी घेतानाच किंचित ढिली होती, आधीच्या मालकाने कशी वापरली कोण जाणे.

दुरुस्तीचे तीन प्रयोग झाले. नेलपॉलिश लावायचा सल्ला सगळीकडे मिळतो. बाबांनी बाटलीचा वास घेऊनच नको म्हटलं, कारण त्यातलं द्रावण एबीएसला विरघळवतं. पातळ थर निभावेल, पण जाड लागला तर गोळाच जाईल. मग पांढरा गोंद पाण्यात पातळ करून गोळ्यावर लावला आणि रात्रभर वाळवला. जूनमध्ये सुंदर पकड आली, ऑगस्टच्या दमट हवेत गोंद पुन्हा मऊ झाला आणि मनगट डुलायला लागलं. शेवटी चित्रकलेच्या दुकानातलं पाण्यावर आधारित ॲक्रिलिक वॉर्निश, टोकदार ब्रशने दोन पातळ हात, प्रत्येक हाताला एक दिवस. ते ऑक्टोबरपासून टिकून आहे. उलट एखादा सांधा फार घट्ट असेल तर शुद्ध सिलिकॉन तेल, काडीच्या टोकावर एक थेंब. शिवणयंत्राचं तेल कधीही नको. खनिज तेल लागलेलं एबीएस ताण आला की तडकतं; असा माल परत आलेला बाबांनी पाहिलेला आहे.

जुलैतला एक प्रसंग. संध्याकाळी कामावरून आलो तर कपाटात गंडमला डोकं नव्हतं आणि डावा हात खांद्यापासून गायब. उजव्या हातातली रायफल सरळ वर रोखलेली. माझ्या काळजाचा ठोका चुकला. भाच्याला हाक मारली तर तो शांतपणे म्हणाला, “मामा, मोडला नाहीये. शेवटची लढाई आहे ती.” खरंच तसं होतं. आ बाओआ कू ह्या अंतराळातल्या किल्ल्यावरच्या अखेरच्या लढाईत शीर आणि हात गमावलेला गंडम वर बंदूक रोखून शेवटचा वार करतो, मालिकेतलं सगळ्यांत प्रसिद्ध चित्र. नवव्या इयत्तेतल्या मुलाने रात्री जागून ती मालिका संपवली होती आणि डोकं, हात अलगद काढून डबीत कापसावर ठेवले होते. आठवडाभर आम्ही तो तसाच उभा ठेवला. रायफलचा हात आठ दिवस खाली आला नाही. खांद्याच्या सांध्याबद्दल ह्याहून चांगलं प्रमाणपत्र मला देता येत नाही.

उणीव म्हणावी तर स्टँड वेगळा घ्यावा लागतो. उडतानाची मुद्रा आणि जोडायचे प्लास्टिकच्या ज्वाळांचे भाग हे सगळं स्टँडशिवाय वाया आहे. मी ते टाळत होतो. दिवाळीच्या आधी बाबांनी माझ्याकडून व्हर्नियर मागितलं, गंडमच्या पाठीचं छिद्र मोजलं आणि वागळेत त्यांच्या जुन्या सहकाऱ्याच्या लेथवर जाऊन डेलरीन ह्या कडक प्लास्टिकच्या कांडीची खुंटी कातून आणली, खाली ॲल्युमिनियमचा गोल तळ. पहिली खुंटी किंचित जाड झाली, त्यांनी ती जबरदस्तीने घालू दिली नाही. दुसरी बसली. डेलरीन निसरडं असतं, त्यामुळे छिद्र झिजत नाही.

घ्यावा का? गंडमवर जीव असेल, आकृती कपाटात ठेवून बघत बसण्यापेक्षा हातात घेऊन बसायला आवडत असेल, तर नक्की घ्या, आणि जुना मिळाला तर कंबर तपासून घ्या. धातूचं वजन ज्यांना हवं असतं त्यांनी चोगोकिनकडेच जावं, ह्याचं प्लास्टिक त्यांना हलकं वाटेल. बनवण्याचा आनंद हवा असणाऱ्यांना किट. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला देऊ नका, कपाळावरची पिवळी शिंगं फार बारीक आहेत.

आता भाच्याला झाकू हवाय, मालिकेतला शत्रूचा रोबोट, हिरवा. त्याचं म्हणणं, गंडम एकटा कोणाशी लढणार. झाकू 17.5 मीटरचा, म्हणजे 1/144 ला बारा सेंटीमीटरच्या थोडा वर. वाशीचा तोच मुलगा एक विकतोय, डाव्या गुडघ्याचा फोटो मी मागवला आहे, आणि बाबा म्हणालेत की घ्यायला जाशील तेव्हा मीही येतो.