चाळीस डबे, एक फोन आणि गुगल

"काकू, प्लॉट नंबर चौसष्ट तर सापडला, पण इथं कोणी डबा लावलाच नाही म्हणून राहिले." डबे पोचवणाऱ्या पोराचा असा फोन मला आठवड्यातून दोनदा तरी यायचा. नागपूरच्या मानेवाडा-बेसा भागात राहणाऱ्यांना यातलं काही वेगळं सांगायला नको. एका सोसायटीचं ले-आऊट संपतं, दुसरीचं सुरू होतं आणि प्लॉट नंबर पुन्हा एकपासून. चौसष्ट नंबरचे तीन प्लॉट हाकेच्या अंतरावर. वरून पत्ता काय, तर "पाण्याच्या टाकीमागं, नीमाच्या झाडाजवळ." टाकीमागं नीमाची झाडं किती, ते कोणी मोजलेलं नसतं.

मी हनुमाननगरात घरून डबे देते. सध्या चाळीस आहेत. अर्धे शिकणाऱ्या पोरापोरींचे, बाकीचे मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, भरती असलेल्यांच्या नातेवाइकांचे. भाचा म्हणाला, "आत्या, तू गुगलवर फक्त भाव पाहतं. त्यात काय काय आलं ते वापरून तर पाय." म्हणून महिनाभर वापरलं.

सगळ्यात आधी प्लस कोड, कारण माझे पैसे त्यानंच वाचवले. ही गोष्ट तशी नवी नाही, २०१५ पासून आहे, पण माझ्या गिऱ्हाइकांपैकी एकालाही माहीत नव्हती. गुगल मॅपमध्ये आपल्या घरावर बोट दाबून धरायचं. चार अक्षरं, अधिकचं चिन्ह, मग आणखी दोन अक्षरं आणि पुढं नागपूर, असा कोड खाली येतो. तेवढा व्हॉट्सॲपवर पाठवला की झालं. हा कोड कोणी वाटून दिलेला नसतो, अक्षांश-रेखांशांवरूनच तो तयार होतो. त्यामुळे रस्त्याला नाव नसलं, घराला पाटी नसली तरी अडत नाही. एक कोड म्हणजे साधारण १४ मीटर लांब, १४ मीटर रुंद चौकोन. यात फक्त वीस आकडे-अक्षरं वापरली आहेत. शून्य आणि एक मुद्दाम वगळलेत, म्हणजे शून्य की इंग्रजीतला ओ, हा घोळच नाही. स्वरही नाहीत, म्हणजे चुकून एखादा वावगा शब्द तयार व्हायची भीती नाही. हे ज्याच्या डोक्यातून निघालं त्याला माझ्याकडून एक दिवस पाटवडी-रस्सा फुकट.

पहिल्या आठवड्यात मी कोड वहीत लिहून ठेवले. पण पोरगा गाडीवर वही उघडणार कधी? मग डब्याच्या झाकणावरच लिहायला लागले. साध्या मार्करचं अक्षर वाफेनं आणि तेलाच्या हातानं दुसऱ्याच दिवशी पुसलं गेलं. शेवटी इतवारीतून ऑइल पेंटची छोटी डबी आणि बारीक ब्रश आणला. आता झाकणं गाड्यांच्या नंबर प्लेटसारखी दिसतात, पण पत्ता चुकल्याचा फोन महिनाभरात एकच आला, आणि त्यात चूक माझीच होती. सहाच्या जागी आठ काढला होता.

बोलून टाइप करायची सोय मराठीत २०१७ सालीच आली, मी आत्ता हात घातला. खरं म्हणजे हात नाहीच घातला, तोच फायदा. हात कणकेचे असतात आणि यादी तोंडानं सांगता येते. एकच गंमत. मी आपली सवयीनं म्हणते, "सांबार कसा साठवावा." तर समोर इडलीबरोबरचं सांबार. आपल्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे पुण्याहून आलेल्या माझ्या सुनेलाही पहिल्यांदा कळलं नव्हतं, तर फोनला काय दोष द्यायचा! ती फ्रीजमध्ये वाटीभर सांबार शोधत बसली होती. सुनेला मी समजावलं, फोनसमोर मात्र मीच "कोथिंबीर" म्हणायला शिकले.

गुगल लेन्स, म्हणजे फोटो दाखवून शोधायची सोय, मला फक्त साडीचा फोटो काढून किंमत बघायला असतं असं वाटायचं. मग एका गिऱ्हाइकानं वडिलांच्या पथ्याचा इंग्रजी कागद पाठवला. वडिलांना दवाखान्यातून सुटी मिळाली होती, पण तपासणीसाठी जवळच खोली करून राहत होते. कागदाचा फोटो लेन्समध्ये टाकला आणि भाषांतर दाबलं, तर इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी उमटली. त्यात "सोडियम २ ग्रॅम". मी समजले, दिवसाला दोन ग्रॅम मीठ. चिमटीतलं मीठ चिमटीतच ठेवून दोन दिवस डबा दिला. दोन्ही दिवस वरण तसंच परत आलं.

तिसऱ्या दिवशी गुगललाच विचारलं, सोडियम म्हणजे मीठच ना? वर एआयचं उत्तर आलं. मिठात सोडियम साधारण ४० टक्के, म्हणून २ ग्रॅम सोडियम म्हणजे ५ ग्रॅमच्या आसपास मीठ, सपाट एक छोटा चमचा. खाली जागतिक आरोग्य संघटनेची लिंक होती, ती उघडली. तिथंही मोठ्या माणसांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, असंच. तरी त्या गिऱ्हाइकाला म्हटलं, एकदा डाएटिशियनला विचारून घे. त्या म्हणाल्या, बरोबर आहे, पण लोणचं-पापडाचं मीठही त्यातच धरा. लोणचं बंद केलं, वरणात मीठ आलं, डबा रिकामा यायला लागला.

लिंक उघडल्याशिवाय मी वरच्या उत्तरावर स्वयंपाक करत नाही, त्याला कारण आहे. ही उत्तरं अमेरिकेत मे २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हा पिझ्झ्यावरचं चीज घसरू नये म्हणून सॉसमध्ये डिंक मिसळा, असा सल्ला निघाला होता. जगभर बातम्या झाल्या. कोणीतरी कधीकाळी थट्टेत लिहिलेलं त्यानं खरं धरलं होतं. डिंक आम्हीही खातो, लाडवात, पण तो बाभळीचा, कागद चिकटवायचा नव्हे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ही उत्तरं भारतात इंग्रजी-हिंदीत आली. पदार्थाचं प्रमाण विचारायला मी अजूनही थोरल्या जावेला फोन करते.

दुकानाची नोंद मॅपवर फुकट होते, हे ठळक लिहिते. कारण मला एकाचा फोन आला होता, "तुमचं नाव वर आणून देतो, चार हजार लागतील." तो कोण होता कोण जाणे, मी फोन ठेवला. नोंदीतली सुटीच्या दिवसाची वेळ बदलायची सोय मात्र जरूर वापरा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, महाल-इतवारीत पाय ठेवायला जागा नसते, आमचा पोरगाही मिरवणुकीत. गेल्या वर्षी मी वेळ बदलायला विसरले आणि एका गृहस्थानं "बंद होतं" असं लिहून एक तारा दिला. दुसऱ्यानं "तिखट जास्त" म्हणून दोन दिले. त्याला सावजी रस्सा म्हणजे काय ते कोणी सांगितलं नसावं.

प्लस कोडची एक अडचण राहतेच. १४ मीटरच्या चौकोनात तीन मजली घर आरामात बसतं, आणि कोड मजला सांगत नाही. म्हणून आता झाकणावर कोडच्या खाली मी मजला लिहिते, आणि बेशाच्या दोन डब्यांवर लाल रंगात "कुत्रा".