आगोटीला कोणता गहू भरावा: खपली, बन्सी, लोकवन की शरबती?

कोकणात गहू फारसा पिकत नाही. येतो तो घाट उतरूनच. त्यामुळे मे महिन्यात आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरताना दुकानदार सांगेल ते पोतं घरात येतं आणि मग अख्खा पावसाळा पोळ्या वातड का होतात याची चर्चा चालते. त्यात सध्या ‘देशी’ गव्हाची हवा आहे. माझं मत आधीच सांगते: गव्हाचं वाण जुनं की नवं हे बघून निवडू नका, कणीक कशी ताणली जाते ते बघा.

कणकेचा जीव ग्लुटेनमध्ये, म्हणजे गव्हातल्या चिवट प्रथिनांत असतो. त्यातल्या ग्लायडिन या प्रथिनामुळे कणीक लांबते, तर ग्लुटेनिनमुळे ती पुन्हा आखडते. हे घरीच बघता येतं. बारीक चाळणीने चाळलेल्या पिठाचा घट्ट गोळा मळा, अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवा आणि नळाच्या बारीक धारेखाली हलक्या हाताने धूत राहा. पांढरं पाणी वाहून जातं आणि हातात रबरासारखा गोळा उरतो. लोकवनचा गोळा दोन्ही हातांनी ओढला की पातळ पडद्यासारखा पसरतो. बन्सीचा घट्ट असतो, ओढलात तर तुटतो. खपलीचा मऊ पडून बोटांतच विस्कटतो.

खपलीबद्दल जरा सविस्तर, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिच्याबद्दल आहेत. सांगली, सातारा, कोल्हापूर, बेळगाव या पट्ट्यात ती पिकते. दाण्याला साल घट्ट चिकटलेली असते. ती काढायचा खर्च आणि कमी उत्पन्न यामुळे लोकवनच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त पैसे मोजावे लागतात. खीर आणि लापशी खावी तर खपलीचीच, दाणा शिजूनही मोकळा राहतो. पण तिच्यात 28 गुणसूत्रं, पोळीच्या गव्हात 42. पाव फुगवणारी ग्लुटेनिनची नामी जोडी (शास्त्रज्ञ तिला 5+10 म्हणतात) ज्या गुणसूत्रावर असते, तेच खपलीत नाही. म्हणून नुसत्या खपलीचा लादी पाव बसकाच होणार, त्यात बेकरीवाल्याचा दोष नाही. आणि खपलीत ग्लुटेन असतंच. सिलिॲक (ग्लुटेन न सोसणारा आतड्याचा आजार) असलेल्याला ती चालत नाही म्हणजे नाही, मग पाकिटावर काहीही लिहिलेलं असो.

‘मूळ बियाणं’ म्हणून जादा पैसे मागितले तर देऊ नका. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचं एमएसीएस 2971 हे सुधारित, बुटकं, न लोळणारं वाण आहे आणि तीही खपलीच.

बन्सी म्हणजे कडक दाण्याचा ड्युरम गहू. त्याचं काम ठरलेलं: रवा, शेवया, कुरडया. निफाडच्या संशोधन केंद्राचे ‘गोदावरी’ आणि ‘पंचवटी’ याच जातकुळीतले. रोजच्या पोळीसाठी तो घेऊ नये.

खरी निवड लोकवन आणि शरबतीत आहे. लोकवन गुजरातेतल्या सणोसऱ्याच्या लोकभारतीचा, मेक्सिकन बुटक्या गव्हांच्या वंशातला. स्वस्त, सगळीकडे मिळणारा, पोळीला चांगला. मध्य प्रदेशातून येणाऱ्या शरबतीत नावाजलेलं वाण म्हणजे 1965 सालचं सी 306. त्याच्या वंशावळीत फाळणीपूर्व पंजाबचा सी 591 आहे. याची कणीक पाणी भरपूर पिते, म्हणून सकाळची पोळी संध्याकाळीही मऊ लागते. पोळीला मध्यम ताणाचंच ग्लुटेन हवं. पावाचं ताकदवान ग्लुटेन पोळीत आलं की ती चिवट होते.

जुन्या वाणांचं मोल मला सर्वांत जास्त वाटतं ते नव्या वाणांना गुण पुरवण्यात. कॅनडाला जगाचं गव्हाचं कोठार बनवणारा ‘मार्क्विस’ हा ‘रेड फाइफ’ आणि भारतातून गेलेल्या ‘हार्ड रेड कलकत्ता’ यांच्या संकरातून आला. निवड करताना तो घडवणारे कॅनडाचे संशोधक चार्ल्स साँडर्स दाणे चावून ग्लुटेनचा गोळा कसा होतो ते पाहत. याच्या उलट ‘नाप हाल’ हा आपला जुना गहू. त्यात 5+10 ज्या जागी असायची, तिथली ग्लुटेनिनं मुळातच नाहीत. पावाला निरुपयोगी, पण खुसखुशीत बिस्किटाला असंच कमजोर ग्लुटेन लागतं. म्हणून कर्नालच्या गहू संशोधकांनी हा गुण सुधारित वाणात उतरवायचं काम हाती घेतलं. कुणी ‘नाप हाल’चं बी जपलं नसतं तर हा गुण आणायचा कुठून?

आता पोत्यांचा हिशेब. डबे देणाऱ्या घराने शरबती घ्यावा. पोळ्या गरम गरम वाढल्या जात असतील तर लोकवन पुरे, जादा पैसे कशाला? खपली दोन-चार किलो, खिरीपुरती. पाव करणाऱ्याने खपली हवीच असेल तर ती चवीपुरती मिसळावी, बाकी पीठ पोळीच्या गव्हाचंच. काहीही घेतलंत तरी पावसाळ्यात आठवड्यापुरतंच दळा. आपल्या दमट हवेत पीठ ओल धरतं, तेव्हा मळताना पाणी नेहमीपेक्षा बेतानेच घाला.