सीयूसीव्हीचे ग्लो प्लग बदलताय? १३जी की ६०जी, आणि रेझिस्टर ठेवायचा की काढायचा

अमेरिकन आर्मीतून निघालेली सीयूसीव्ही, म्हणजे शेव्हरलेची एम१००८ किंवा एम१००९ गाडी घेतलेला जवळजवळ प्रत्येकजण कधी ना कधी याच प्रश्नावर येतो. सकाळी गाडी नुसतीच फिरते, पांढरा धूर सोडते पण धरत नाही, मग कुणीतरी सांगतं ग्लो प्लग (चालू करताना इंजिनात आतून उष्णता देणारे विजेचे प्लग) गेले, आणि आपण १३जी की ६०जी, यातल्या कुठल्या प्रकारचे प्लग घ्यायचे ते शोधायला लागतो. माझं स्पष्ट मत असं की नुसता प्लग निवडू नका, त्याला करंट कुठून येतो ते आधी ठरवा, प्लग त्यावरून ठरतो.

थोडं मागचं सांगतो. १९८४ ते १९८७ च्या या गाड्यांमधलं इंजिन म्हणजे जीएमचं ६.२ लिटर व्ही८, प्री-चेंबरवालं डिझेल, म्हणजे इंधन आधी सिलिंडरला जोडलेल्या छोट्या कप्प्यात पेटतं. अशा इंजिनात दाबलेल्या हवेची बरीच उष्णता चेंबरच्या भिंतीच खाऊन टाकतात, म्हणून कडक थंडी नसली तरी त्याला ग्लो लागतोच. स्टार्टर २४ व्होल्टचा, बाकी गाडी बहुतेक १२ व्होल्टवर, आणि प्लगसुद्धा १२ व्होल्टचेच, पण आर्मीने त्यांना सप्लाय दिला तो २४ व्होल्टमधून, मध्ये फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) व्होल्टेज कमी करणारा मोठा रेझिस्टर टाकून. सगळा घोळ इथे आहे.

हिशेब करून बघा. सोयीसाठी एका प्लगचा रेझिस्टन्स १ ओहम धरू, आठ प्लग पॅरलल म्हणजे ०.१२५ ओहम, आणि रेझिस्टरही तेवढाच धरला तर २४ चे बरोबर अर्धे, १२ व्होल्ट प्लगला मिळतात. आता दोन प्लग जळाले. उरलेल्या सहांवर साधारण १३.७ व्होल्ट येतात. चार जळाले की उरलेल्या चारांवर १६ व्होल्ट, म्हणजे प्रत्येक प्लगला पाऊणपटीहून जास्त ज्यादा उष्णता. म्हणजे एक गेला की बाकीच्यांवर भार वाढतो, मग दुसरा जातो, मग रांगच लागते, आणि लोक म्हणतात प्लगचीच क्वालिटी खराब.

त्यामुळे "गेलेला तेवढाच बदलू की आठही?" याचं उत्तर रेझिस्टर असेल तर सरळ आहे, आठही बदला आणि एकाच प्रकारचे टाका. जुने थकलेले आणि नवे मिसळले की पुढच्या थंडीत परत तेच काम. रेझिस्टर काढलेला असेल तर मात्र एकटा प्लग बदलला तरी चालतं, कारण एक गेल्याने बाकीच्यांचा व्होल्टेज काही बदलत नाही.

आता प्लग. १३जी पटकन तापतो, हे त्याचं खरं सुख आहे, पण तो स्वतःला आवरत नाही, करंट चालू राहिला की तापतच राहतो आणि टोक फुगतं. फुगलेला प्लग बघितला असेल तर कळेल, आटे पूर्ण सुटतात, प्लग हाताने गोल फिरतो, पण बाहेर काही येत नाही कारण टोक भोकापेक्षा जाड झालेलं असतं. तिथे जोर लावला की टोक तुटून आत राहतं. मग इंजेक्टर काढून तिथून ते उचलायचं, किंवा इंजेक्शन पंपावरची फ्युएल शटऑफची गुलाबी वायर काढून इंजिन फिरवायचं म्हणजे कॉम्प्रेशनने तुकडा प्लगच्या भोकातून बाहेर फेकला जातो (समोर तोंड नेऊ नका, गोळीसारखा येतो). ६०जी तापायला किंचित जास्त वेळ घेतो पण गरम झाला की त्याचा रेझिस्टन्स वाढतो, करंट आपोआप कमी होतो, टोक फुगत नाही. माझ्यासाठी ते दोन-चार सेकंद जास्त थांबणं काहीच नाही, आत अडकलेलं टोक काढण्यात अख्खा दिवस जातो.

पण ६०जी आणि रेझिस्टर यांची जोडी जमत नाही, हे फार कमी लोक सांगतात. प्लगने करंट कमी केला की रेझिस्टरवर पडणारा व्होल्टेजही कमी होतो, आणि उरलेला जातो परत प्लगवरच. प्लग स्वतःला आवरायला बघतो आणि वायरिंग त्याला ढकलत राहतं. म्हणून ६०जी घ्यायचे तर रेझिस्टरचा विषयही त्याच वेळी संपवा, जाड सप्लाय वायर रेझिस्टरवरून काढून १२ व्होल्टच्या सप्लायवर घ्या, रिलेच्या (प्लगचा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) कॉइलच्या बारीक वायरींना हात लावू नका. दोनातल्या एकाच बॅटरीवर शंभरेक अँपिअरचा लोड येईल ही शंका रास्त आहे, पण तो काही सेकंदांपुरताच असतो आणि या गाडीत दोन अल्टरनेटर आहेत, प्रत्येक बॅटरीला स्वतःचा, त्यामुळे गाडी चालली की ती भरून निघते.

गाडी आर्मीने दिली होती तशीच ठेवायची असेल तर रेझिस्टर ठेवा, त्यात चूक काही नाही, आर्मीचं दुरुस्तीचं मॅन्युअल टीएम ९-२३२०-२८९-२० ही तसंच जुळेल. फक्त मग थंडीच्या आधी आठही प्लग तपासायची सवय लावा. प्लगच्या वायरी काढा, टेस्ट लॅम्पचा क्लिप १२ व्होल्ट पॉझिटिव्हला, टोक प्लगच्या टर्मिनलला, लॅम्प लागला तर प्लग शाबूत, नाही लागला तर आतली कॉइल तुटलेली. काम पाच-दहा मिनिटांचं.

कार्ड की बटण? प्लग किती वेळ तापवायचे ते ठरवणारं डॅशखालचं कंट्रोलर कार्ड नीट असेल तर ठेवा. बिघडलं असेल तर त्याऐवजी हाताने दाबून धरायचं बटण लावायला माझी हरकत नाही, पण ६०जी असतील तरच. १३जीवर बटण म्हणजे कोणीतरी नवीन माणूस पंधरा-वीस सेकंद दाबून धरणार आणि आठही फुगणार.

आणि काही ठरवायच्या आधी रिले बघा. त्याचे कॉन्टॅक्ट चिकटले की चावी बंद केली तरी प्लग तापत राहतात, मग तुम्ही कुठलेही टाका, जळणारच. चावी बंद करून प्लगच्या टर्मिनलवर मीटर लावा, व्होल्टेज दिसला तर आधी रिले बदला.

काढताना इंजिन कोमट असू द्या, आदल्या रात्री आट्यांवर पेनिट्रेटिंग ऑइल, थोडं सोडा थोडं परत आवळा असं करत काढा. उजव्या बाजूचे मागचे प्लग चाकाच्या पोकळीतून जास्त सोपे पडतात. नवे घेताना टर्मिनलची पाती तुमच्या वायरच्या कनेक्टरला बसते का ते बघून घ्या, ढिली बसली तर तिथेच तापून जळेल. आणि प्लग दुरुस्त होईपर्यंत गाडी ईथर मारून चालू करू नका, एकही प्लग गरम असेल तर तो स्प्रे वेळेआधीच पेटतो आणि पिस्टन, रिंगा जातात.