फ्लोरोसन्स मायक्रोस्कोपचा लिक्विड लाइट गाइड, गोव्याच्या हवेत बरेच महिने वापरल्यावर

आमच्याकडे मांडवी-झुआरीच्या पाण्यातले बॅक्टेरिया डापी (डीएनएला चिकटून अतिनील प्रकाशात, म्हणजे यूव्हीत, निळा चमकणारा रंग) लावून मोजतात, त्यामुळे मेटल हॅलाइड लॅम्प आणि ३ मिमीचा लिक्विड लाइट गाइड (लॅम्पचा प्रकाश मायक्रोस्कोपपर्यंत नेणारी लवचिक नळी) रोजच्या वापरात. उजेडाबद्दल तक्रार नाहीच. काचेच्या फायबर बंडलमध्ये फायबरांच्या मधल्या फटीत प्रकाश वाया जातो आणि साधी काच यूव्ही पण खाते, इथे आख्खी नळी द्रवाने भरलेली, दोन्ही टोकांना क्वार्ट्झच्या खिडक्या, त्यामुळे डापीला लागणारा ३५८ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश नीट पोचतो आणि मायक्रोस्कोपमधून दिसणारा भाग पण सगळीकडे एकसारखा उजळ दिसतो.

पण हा गाइड म्हातारा होतो हे कुणी सांगत नाही! आमच्या इथे डापी फिकट दिसायला लागला, हिरव्या चमकणाऱ्या रंगांचा चॅनल मात्र ठीक, आणि लगेच नवीन बल्ब मागवायची चर्चा सुरू. बल्ब किती तास जळला ते बघितलं तर त्याच्या २००० तासांच्या आयुष्याच्या बरेच खाली. मग लॅम्प बंद करून, पूर्ण थंड होऊ देऊन गाइड बाहेर काढला, एक टोक खिडकीच्या उजेडाकडे धरलं आणि दुसऱ्या टोकातून बघितलं (लॅम्प चालू असताना चुकूनही बघू नका, डोळे जातील). चांगला गाइड असेल तर स्वच्छ पांढरी गोल चकती दिसते, इथे पिवळट झाक होती आणि कडेला एक काळा डाग, म्हणजे द्रवात बबल. द्रव पिवळा पडला की आधी यूव्ही मरतो, म्हणून डापी सगळ्यात आधी बोंबलतो. हे रिपेअर होत नाही, गाइड बदलायचाच.

बबल येतात ते बहुतेक उष्णतेने. लॅम्पमधला आयआर फिल्टर (उष्णतेचे अवरक्त किरण अडवणारा) खराब असेल तर द्रव तापतो, म्हणून नवीन गाइड लावायच्या आधी तो फिल्टर तपासाच, नाहीतर नवीन गाइडही तसाच जाणार. खोलीचं पण बघा, हा गाइड ३५ अंशांच्या वर ठेवायचा नसतो, आणि मे महिन्यात लाईट गेली की बंद खोली काय होते ते गोव्यात राहणाऱ्याला सांगायला नको. पावसाळ्यात टोकांवर दमट धूळ चिकटते ती लॅम्पच्या बाजूला भाजून डाग पडतो, तेव्हा लेन्स पेपर आणि थोडं आयसोप्रोपिल, बस्स, घासायचं नाही. आणि चवथीच्या सुट्टीला सगळं आवरताना गाइड गुंडाळून ड्रॉवरमध्ये कोंबू नका राव, ३ मिमीच्याला साधारण ४ सेंमी त्रिज्येपेक्षा घट्ट वाकवला की आतून कायमचा मोडतो, वरून काही कळत पण नाही.

नवीन गाइड आल्यावर पहिल्याच दिवशी ऑब्जेक्टिव्हखाली (नमुन्याजवळच्या लेन्सखाली) प्रकाश मोजणारा पॉवर मीटर धरून डापीच्या फिल्टरमधून रीडिंग घ्या, तारखेसकट आणि बल्बच्या तासांसकट लिहून लॅम्पवरच चिकटवा, पुढे दर महिन्याला तेच रीडिंग, म्हणजे बल्ब गेला की गाइड गेला यावर वाद घालत बसावं लागत नाही.