जमिनीवरची मॉडेल रेल्वे: दोन रुळांतून वीज की मधल्या स्पर्शबिंदूंतून?

टेबल न बांधता जमिनीवरच रूळ अंथरायचे आणि गाडी फिरवून झाली की सारे उचलून ठेवायचे, असे ठरवलेल्यांपुढे एचओ आकारात (खऱ्या गाडीच्या १:८७ प्रमाणातल्या मॉडेलांत) मुख्यतः दोन पर्याय राहतात: दोन्ही रुळांतून वीज घेणारी सर्वत्र रूढ असलेली पद्धत आणि रुळांच्या मधोमध वीज देणाऱ्या स्पर्शबिंदूंची ओळ असलेली, मेर्कलिन या जर्मन कंपनीची पद्धत. रुळांमधले अंतर दोन्हींत १६.५ मिलिमीटरच असते. खडीच्या आकाराचा प्लॅस्टिकचा पाया असलेले ट्रॅकही दोन्हींसाठी मिळतात, त्यामुळे जोडण्या-उचलण्याच्या सोयीवरून निवड करण्यात फारसा अर्थ नाही.

मी दोन्ही वापरल्या आहेत आणि माझ्यापुरता निर्णय धुळीने केला. दोन रुळांच्या पद्धतीत वीज एका रुळातून इंजिनात येते आणि दुसऱ्यातून परत जाते. म्हणजे कोणत्याही एका बाजूला चाकांवर किंवा रुळावर काळा थर जमला की इंजिन अडखळते. जमिनीवर ही वेळ लवकर येते, आणि नेमकी पलंगाखालच्या सांध्यावर, गाडी संथ चालली असताना येते. तिथे पालथे पडून इंजिनाला बोटाने ढकलावे लागते, आणि तोवर नियंत्रकाची खुंटी कोणीतरी पुढे सरकवलेली असल्यामुळे बोट लागताच गाडी उधळते. याचा मला अगदी वीट आला होता.

मेर्कलिनच्या पद्धतीत इंजिनाखालची लांब धातूची पट्टी स्पर्शबिंदूंवर घासत जाते आणि चालता चालताच त्यांना पुसते. विजेच्या परतीच्या वाटेसाठी दोन्ही रूळ एकच काम करत असल्याने कोणत्याही बाजूचे एखादे चाक नीट टेकले तरी पुरते. मोजमाप मी केलेले नाही, पण फडके हाती घेण्याची वेळ मात्र स्पष्टपणे कमी झाली. शिवाय वळसा घालून गाडी त्याच रुळावर उलट आणली तरी दोन रुळांच्या पद्धतीसारखे शॉर्टसर्किट होत नाही.

याची किंमत आहेच. पट्टीची खरखर कठीण फरशीवर चांगलीच ऐकू येते, स्पर्शबिंदू दिसतात, आणि इंजिन याच पद्धतीचे लागते. दोन रुळांच्या गाड्यांत निवड कितीतरी मोठी आहे. ज्यांच्याकडे तशी इंजिने आधीपासून आहेत, त्यांनी केवळ माझ्या सांगण्यावरून ती बदलू नयेत. डिजिटल इंजिनात (ज्याला रुळांतून सांकेतिक आज्ञा मिळतात) वीज साठवणारा कपॅसिटर बसवला तर क्षणभराचे खंड बरेचसे झाकले जातात.

केसांपासून मात्र दोन्हींची सुटका नाही. केस आणि गालिच्याचे तंतू आसांभोवती गुंडाळले जातात, पुढे दातेरी चाकांत शिरतात आणि चिमट्यानेच काढावे लागतात. म्हणून लांब धाग्यांचा गालिचा टाळावा आणि रूळ मांडण्यापूर्वी जागा व्हॅक्यूमने स्वच्छ करावी. रुळांना आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेले, धागे न सोडणारे फडके पुरते. पॉलिशपेपरने पडलेल्या चऱ्यांत मळ अधिकच धरतो, आणि लोखंडी काथ्याचे कण मोटारीच्या चुंबकाला जाऊन चिकटतात.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी स्पर्शबिंदूंचा लहानसा संच सुचवीन. पण तो घेण्याआधी एकदा कठीण फरशीवर चालताना ऐकून पाहावा, कारण ती खरखर पुढे पूर्णपणे जात नाही.