सेन्सरचा नळ की साधा नळ: लीडच्या हिशोबात पाणी कुठे वाचतं?

सेन्सर बसवला म्हणजे पाणी वाचलं, असं गृहीत धरून बरेच जण नळ निवडतात. लीड या पर्यावरणपूरक इमारतींच्या प्रमाणपत्राचा हिशोब मात्र सेन्सरकडे फारसं पाहतच नाही. तो पाहतो नळाचा प्रवाह, म्हणजे मिनिटाला किती लिटर, आणि तोही 415 किलोपास्कल दाबाला.

सूत्र सोपं आहे: माणसं × दिवसातले वापर × वेळ × प्रवाह. लीड व्ही4, म्हणजे चौथ्या आवृत्तीत, पूर्णवेळ कर्मचाऱ्याचे 3 वापर धरतात, पाहुण्याचा अर्धा. सार्वजनिक वॉशबेसिनवर एका वापराचा वेळ 30 सेकंद आणि तुलनेचा पाया मिनिटाला 1.9 लिटर. दाबून सोडायच्या नळाला वेळ नसतो, एका दाबाला किती पाणी हेच मोजतात. त्याचा पाया 0.95 लिटर.

200 कर्मचाऱ्यांच्या ऑफिसात रोजचे 600 वापर झाले, तर:

| नळ | एका वापराला | दिवसाला |
|---|---|---|
| सेन्सर, 1.9 लिटर/मिनिट | 0.95 लि. | 570 लि. |
| सेन्सर, 1.3 लिटर/मिनिट | 0.65 लि. | 390 लि. |
| हाताने फिरवायचा, 1.3 लिटर/मिनिट | 0.65 लि. | 390 लि. |
| दाबाचा, 0.75 लिटर/दाब | 0.75 लि. | 450 लि. |

पहिल्या ओळीत सेन्सर आहे आणि बचत शून्य. दुसरी-तिसरी ओळ सारखीच, कारण पाणी वाचवलं ते एरेटरने, म्हणजे नळाच्या तोंडाशी बसणाऱ्या, प्रवाह कमी करणाऱ्या जाळीने. सेन्सरचा वेगळा फायदा 2009 च्या आवृत्तीत होता: साध्या नळाला 15 सेकंद, सेन्सरला 12, म्हणजे कागदावर 20 टक्के आयतेच. त्या काळातली एक्सेल शीट अजून कुणी वापरत असेल, तर आधी हे आकडे तपासा.

प्रत्यक्षात काय होतं, हा वेगळाच मुद्दा. हाताचा नळ माणूस अर्धाच उघडतो. सेन्सर उघडला की पूर्ण धार. हात काढल्यावरही तो सेकंद-दोन सेकंद वाहतो, समोरून कुणी गेलं तरी कधी सुरू होतो. उलट, नळ उघडा टाकून जाणारे लोक असतील तर सेन्सर खरंच पाणी वाचवतो. काही नळ पाणी साचून राहू नये म्हणून 24 तासांनी आपोआप थोडं पाणी सोडतात, तेही सूत्रात येत नाही. 20 नळ मिनिटभर वाहिले तरी 38 लिटरच होतात, त्यामुळे त्याची फार काळजी नको.

दाबाच्या नळाची अडचण निराळी. एका दाबात हात धुऊन झाले नाहीत तर माणूस पुन्हा दाबतो आणि 0.75 चे 1.5 होतात, कागदावर एकच दाब.

आणखी एक गोष्ट, निवडीआधी पाहायचीच. ऑफिसात शौचालय, युरिनल आणि वॉशबेसिन एवढंच धरलं, निम्म्या स्त्रिया-निम्मे पुरुष मानले, तर पायाभूत वापरात नळांचा वाटा साधारण 15 टक्के येतो. बाकी सगळं फ्लशचं. नळ 1.3 वर आणले तर एकूण बचत जेमतेम 5 टक्के, आणि लीडची किमान अट 20 टक्क्यांची आहे. म्हणून फ्लश आधी ठरवा.

हॉस्पिटलमध्ये हात न लावता नळ चालावा म्हणून सेन्सर घ्यावा, लीडमधल्या पाणीबचतीच्या गुणांसाठी नाही. शाळेत दाबाचा नळ बरा, बॅटरी बदलायची कटकट नाही. ऑफिसात मी कमी प्रवाहाचा साधा नळ घेईन आणि सेन्सरचे पैसे फ्लशवर लावीन. सेन्सरच हवा असेल, तर पाण्याचा दाब कमी-जास्त झाला तरी प्रवाह तोच ठेवणारा एरेटर मागा आणि 415 किलोपास्कलवरचा आकडा कंपनीकडून लेखी घ्या.